तात्या बघतील

आमच्या घरात मोडक्या वस्तूंचा एक कोनाडा होता. ओसरीवरून माजघरात शिरताना उजव्या हाताला. छत्रीच्या काड्या, कंदिलाची टोपी, चष्म्याची दांडी, पितळी डब्याची कडी, बाहुलीचा हात, किल्ली हरवलेलं कुलूप आणि कुलूप हरवलेली किल्ली, सगळं तिथं गुण्यागोविंदानं नांदायचं. काही मोडलं की मोडणारा घाबरून आज्जीपुढं उभा राहायचा. आज्जी चुलीपुढून मानही न वळवता म्हणायची, "ठेव तिथं. तात्या बघतील."

आणि तात्या बघायचे. लगेच नाही, त्यांच्या सवडीनं. पण एखाद्या सकाळी ती वस्तू आपल्या जागी परत आलेली असायची. कुठं सांधलीय ते बोट फिरवूनही लागायचं नाही.

तात्या म्हणजे आमचे आजोबा. गगनबावड्याचे सोनार. जन्मभर हातानं घडवत राहिलेला माणूस. परवा आम्ही चुलत-मावस-आत्ये सगळी भावंडं एकत्र बसलो आणि तात्यांनी काय काय घडवलं ते आठवायला लागलो. ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, चिंचपेटी, वज्रटीक, बुगडी, कुड्या, वेल, पाटल्या, गोट, तोडे, वाकी, छल्ला, जोडवी, मासोळ्या, वाळे, बिंदल्या, करदोटे अशी नावं निघत गेली. मग कुणीतरी म्हणालं, "आणि माझ्या सायकलची घंटी." दुसरी म्हणाली, "आणि शाळेच्या घड्याळाचा काटा." तिसऱ्यानं सांगितलं, "देवळातल्या समईची वात सारायची काडी." अर्ध्या तासात दागिने मागं पडले. आमच्या आठवणीतले तात्या सोनाराचे कमी आणि मोडक्याचे जास्त होते. तरी त्यांच्या हयातीतली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे दागिनाच आहे, आणि तो त्या मोडक्यांतूनच आला.

*

ज्यांनी आमचा गाव पाहिला नाही त्यांना पाऊस सांगायला हवा. रंकाळा स्टँडवर एसटी धरायची, कळे, असळज मागं टाकत पंचावन्न किलोमीटर यायचं, की घाटमाथा. इथून एक वाट करूळ घाटानं वैभववाडीला उतरते, दुसरी भुईबावडा घाटानं खारेपाटणकडं. वर गगनगड, आणि गडावर बहुतेक वेळा ढग. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस आमच्याकडं पडतो. मृगाला धरला की घटस्थापनेपर्यंत सोडत नाही. मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर चढलं की कोल्हापूर तुटलं. मग गाडी नाही, वर्तमानपत्र नाही, टपाल नाही. आगपेटीच्या काड्या पेटायच्या नाहीत, मीठ पाझरायचं, चामड्याच्या चपलांवर हिरवी लव यायची आणि कपडे वाळायचे म्हणजे फक्त म्हणायला वाळायचे.

अशा गावात बारा महिने कोरडी ऊब मिळायची जागा एकच. तात्यांची बागेसरी. सोनाराच्या शेगडीला बागेसरी म्हणतात हे आता आमच्याच पोरांना सांगावं लागतं. पावसाळ्यात गल्लीत कुणी बाळंतीण असली, की बाळाची लंगोटं, झबली, दुपटी तात्यांच्या ओसरीवर. बागेसरीवर सोनं आटतंय, आणि वर दोरीवर दुपटी. कुणाचं बाळ कुणाच्या दुपट्यात गुंडाळलं गेलं, तर त्याला कोण काय करणार. आज्जी म्हणायची, या गल्लीतली सगळी पोरं आमच्याच धुरावर वाढली.

घाटमाथ्याचं गाव असल्यानं गिऱ्हाईकही तऱ्हातऱ्हाचं. देशावरच्या बायका साज, ठुशी, चितांग, तोडे घेऊन यायच्या. कोकणातून घाट चढून येणाऱ्या बायकांची नथ वेगळी, कुड्या वेगळ्या, आणि बोलणंही वेगळं. धनगरवाड्यावरची मंडळी डोंगरातून उतरायची ती चांदी घेऊन. हातातली कडी, पायातले वाळे, करदोटे. पैसे नसले की लोणी. तात्यांच्या वहीत एका पानावर "वाळे जोड 1, बाकी लोणी 2 शेर" असं लिहिलेलं आम्ही बघितलंय. ते लोणी आलं की नाही याची नोंद नाही, पण आलं असणार, कारण त्या पानावर काट मारलीय.

*

सोनारानंच कान टोचावे म्हणतात. आमच्या गल्लीतल्या दोन पिढ्यांचे कान तात्यांनी टोचले, म्हणजे खरोखरीचे टोचले. सोन्याची बारीक तार, टोक कानशीनं धार लावलेलं, पाळीला खोबरेल. पोराचं डोकं आज्जीच्या मांडीवर आणि हातात गुळाचा खडा. मग तात्या गडाकडं बोट करायचे, "बग, बग, ढग कसा उतारला." बावड्यात ढग कायम असल्यानं पोर फसायचंच. त्यानं मान वळवली की तार पार. रडायचं ठरवेपर्यंत दुसरा कानही होऊन गेलेला. आम्ही मोठे झालो, दुसऱ्यांचे कान टोचताना ओसरीवर बसून बघितलं, सगळी युक्ती कळली, आणि तरीही तात्यांनी बोट केलं की आम्हीही गडाकडंच बघायचो.

*

तात्या शिकले कोल्हापुरात, गुजरीत. अंबाबाईच्या देवळाजवळ, महाद्वार रोडला लागून सोनारांची पेठ आहे, तिला गुजरी म्हणतात. 1943 साली, वयाच्या तेराव्या वर्षी वडिलांनी त्यांना तिथं उमेदवारीला ठेवलं. पहिलं वर्ष कोळसा फोडायचा, बागेसरी फुंकायची, पाणी भरायचं, रात्री दुकान झाडायचं आणि झाडलेला केर जपून डब्यात भरायचा. दुसऱ्या वर्षी तांबं हातात आलं. तांब्याची तार जंतरातून ओढायची, तांब्याचा पत्रा ऐरणीवर ठोकायचा, तांब्याची पानं काढायची. सोन्याला हात लागला तो अडीच वर्षांनी. तात्या सांगायचे, "तांबं माज उतरवतंय. तांब्यावर हात बसला की सोनं लोण्यावाणी वाटतंय."

कोल्हापुरी साज म्हणजे काय ते आम्ही त्यांच्याकडून शिकलो. बाहेरून बघणाऱ्याला तो एक हार. तात्यांच्या लेखी ती एकवीस पानं. दहा दशावताराची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरल्याचं. पानांच्या मधे जवमणी, जवाच्या दाण्याएवढे. कारागिरागणिक पानं थोडीफार बदलतात. कुणी चंद्र घालतो, कुणी कमळ, कुणी नाग, बेलपान, वाघनख, भुंगा. पण शंख, मासा, कासव, कारलं ही बहुतेक साजांत दिसतातच. पान पातळ पत्र्याचं, आतून लाखेनं भरलेलं. त्यामुळं दिसायला भरीव आणि अंगाला हलकं. गरीब घरातल्या सुनेच्याही गळ्यात भरल्यासारखं दिसावं, यासाठी कुणीतरी फार विचार करून काढलेली ही घडण आहे, असं आम्हांला वाटतं.

गुजरीत तेव्हा कामं वाटून असायची. एकजण पत्रा ठोकणार, एकजण ठसा मारणार, एकजण कड्या झाळणार, एकजण लाख भरणार. मग पटवेकरी रेशमात गाठवून देणार. तात्यांच्या वाट्याला कड्या आल्या. नऊ वर्षं. पानाच्या डोक्यावर दोन बारीक कड्या असतात ना, ज्यांतून दोरा जातो, त्या. "हजारांनी झाळल्या कड्या," तात्या सांगायचे. "गावोगावच्या बायकांच्या गळ्यात माज्या कड्या हाईत. पर सबंध साज माज्या हातनं एकदाबी झाला न्हाई."

हे ते कुरकुर म्हणून सांगायचे नाहीत. पण सांगायचे, आणि पुन्हा पुन्हा सांगायचे. आज्जीनं ते ऐकून ठेवलं होतं.

*

तराजू त्यांनी गुजरीतून आणला. पितळी पारडी, बोटात धरायचा. वजनं म्हणजे गुंजा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. शाळेत दशमान पद्धत शिकून आलो तरी घरात आम्हांला हा पाढा पाठ होता. गुंजेचे वेल आमच्याकडं कुंपणांवर चढायचे. शेंगा तडकल्या की लाल दाणा, काळा डोळा. आम्ही ओंजळी भरून आणायचो. तात्या त्यांतल्या वीस-पंचवीस निवडायचे, पारड्यात एकमेकींशी तोलायचे आणि शेवटी दोन-तीनच ठेवायचे. बाकीच्या आमच्या खेळात. पुढं ग्रॅम आले, तोळा अकरा ग्रॅम सहासष्ट सेंटिग्रॅमचा धरायचा की दहा ग्रॅमचा यावर ओसरीवर वाद झाले. गिऱ्हाईक मात्र शेवटपर्यंत म्हणायचं, "तात्या, ग्रॅम तुमी बगा, आमाला मासं सांगा."

*

1963 साल आमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही. पण ते आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं, की बघितल्यासारखं झालंय. चीनचं युद्ध नुकतंच संपलेलं. बायकांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीला दिलेलं, आज्जीनंही एक अंगठी दिली होती. आणि जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. परदेशातून चोरून येणारं सोनं थांबावं, लोकांचा सोन्याचा सोस कमी व्हावा, हा हेतू. नियम असा, की नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही.

चौदा कॅरेट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं आणि चांदी. तात्यांनी करून बघितलं. पत्रा हातोडीखाली कडक यायचा. ठशावर ठोकला की पानाच्या कडेला चिरायचा. आणि ते बघून गिऱ्हाईक म्हणायचं, ही तर पितळच. लग्नसराई सुरू होती आणि बागेसरी थंड. देशभर लाखो सोनारांचं असंच झालं. काहींनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं. गुजरीतल्या ओळखीच्या कारागिरांपैकी कुणी भाजी विकायला बसला, कुणी मुंबईच्या गिरणीत गेला.

तात्यांनी ठसे, जंतर, कासल्या, कातरी सगळं तेल लावून आज्जीच्या जुन्या लुगड्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. ऐरण मात्र खाली ठेवली. दोन दिवस ओसरीवर नुसते बसले. तिसऱ्या दिवशी शेजारचे मास्तर स्टो घेऊन आले. पंप धरत नव्हता.

"ठेवा तिथं," आज्जी म्हणाली. "बघतील."

तिथून कोनाडा सुरू झाला.

स्टो झाले, कंदील झाले. पावसाच्या गावात छत्र्यांना तोटा नव्हता. छत्रीच्या काडीचा सांधा तात्या सोनाराच्या डाखेनं झाळायचे. मोडायची तर दुसरीकडं मोडायची, त्या सांध्यात कधी नाही. चष्मे आले, घड्याळं आली, कुलपं आली, ग्रामोफोनची एक पिन आली. तात्यांना यातलं काही शिकवलेलं नव्हतं. वस्तू उघडायची, मांडायची, बघत बसायचं. कधी दोन दिवस नुसतं बघणं चालायचं. आम्हांला वाटायचं आळस करतायत. आता कळतं, ते हात न लावता दुरुस्त करत होते, मग हात लावायचे.

चांदीवर बंदी नव्हती, म्हणून देवांनी सांभाळलं. देवघरातले टाक झिजलेले असतात, घरं वाटली की नवे लागतात. जोतिबा, खंडोबा, भवानी, विठलाई. वाळूएवढ्या रेषांनी तात्या देवाचे डोळे उठवायचे आणि डोळे उठवायच्या दिवशी आंघोळ करूनच बसायचे. नवसाचे चांदीचे डोळे, चांदीचे पाय, छोटे पाळणे. कुणाचं पोर बरं झालं, कुणाला दिसायला लागलं, ते आम्हांला आधी कळायचं.

तरी भागेना, तेव्हा दोन-तीन वर्षं ते हुपरीला जाऊन राहिले. हातकणंगले तालुक्यातलं हुपरी म्हणजे चांदीचं गाव. तिथं घरोघरी पैंजण, साखळ्या, घुंगरू. बायका, सासवा, शाळेतून आलेल्या पोरी, सगळ्यांच्या हातात चिमटा. पायातल्या पैंजणांच्या हजारो कड्या तिथल्या ओसऱ्यांवर जुळतात आणि देशभर जातात. तात्या तिथून झपाट्यानं काम करायला शिकून आले आणि एक वाक्य घेऊन आले. "चांदी बोलती, सोनं ऐकतंय." पैंजण वाजले की आम्ही हे वाक्य म्हणायचो. अजून म्हणतो.

*

चौदा कॅरेटची अट 1966 साली उठली. मग 1968 चा कायदा, परवाना, वह्या. लुगड्याचं गाठोडं माळ्यावरून उतरलं. दुकान पुन्हा सोनाराचं झालं, पण कोनाडा राहिला. राहिला म्हणजे वाढलाच.

आणि 1970 च्या आषाढात आज्जीनं सांगितलं, आता तुमचा साज करा.

सोनं कुठलं? त्याला आज्जीचं उत्तर तयार होतं. गिऱ्हाइकाच्या सोन्यातला कण आपला नाही, हे घरात आधीपासून ठरलेलं. दुकानाचा केर वर्षाला झारेकरी घेऊन जायचे. ओढ्यावर टोपलीत धुऊन, गाळून, त्यातून सोन्याचे कण काढायचे, आणि त्याचे जे पैसे मिळायचे ते आमच्या वह्यापुस्तकांचे. साजासाठी आज्जीनं वेगळा डबा केला होता. स्टो, छत्र्या, चष्मे, कुलपं यांची मजुरी तेवढी त्यात. चार आणे, आठ आणे. वर्षाचे मोजले की एका पानाचं सोनं यायचं, कधी त्याहून कमी.

म्हणून साज पावसाळ्यात घडायचा. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, लग्नं नाहीत, नवं काम नाही. बाहेर धबाबा पाऊस आणि ओसरीवर तात्या एका पानाला बसलेले. आम्ही भोवती. बोलायचं नाही, खोकायचंही जरा बाजूला तोंड करून.

मुशीत सोनं, वर चिमूटभर सवागी, आणि फुंकणीनं फुंकत राहायचं. आधी सोनं नुसतं तापतं, मग घामेजल्यासारखं दिसतं, आणि एकदम थरथरून गोळा होतं. त्या गोळ्यावर एक हिरवी झाक येऊन जाते. ती बघण्यासाठी आम्ही जागे राहायचो. मग खाचेत ओतायचं, ऐरणीवर ठोकायचं, कडक झालं की लाल तापवून पुन्हा ठोकायचं. हातोडी पडायची ती एका जागी दोनदा नाही. पत्रा पिंपळाच्या वाळक्या पानाएवढा पातळ झाला, की काशाच्या ठशावर ठेवायचा, वर शिशाचा तुकडा, आणि एकच घाव. शिसं उचललं की खाली शंख उमटलेला. कातरीनं भोवतालचं कापायचं, ती कात्रणं मोजून डबीत. मग कड्या. इथं तात्यांचा हात बघावा. नऊ वर्षं झाळलेल्या कड्या. डाखेचा तिळाएवढा तुकडा, ओठांत फुंकणी, डोळे बारीक, आणि फुंकर अशी, की ज्योत सुईसारखी वळायची. डाख पाणी होऊन सांध्यात शिरायची आणि कडी पानाची होऊन जायची. पाठीचा पत्रा झाळला की एका भोकातून गरम लाख भरायची. झाळायचं सगळं लाखेच्या आधी, नाहीतर लाख जळते. शेवटी चिंचेचं पाणी, रिठ्याचा फेस, मऊ कुंचली. आणि गुलाबी कागद.

लाख भरायचं काम धाकट्या आत्तीचं. मुलीनं बागेसरीपुढं बसावं अशी तेव्हा रीत नव्हती. पण कुणी नाही म्हणालं नाही, कारण पावसात बघायला येणार कोण. तात्यांनी तिला लाख भरायला कधी शिकवलं ते कुणालाच आठवत नाही.

अशी पानं होत गेली. 1971 ला युद्ध, ब्लॅकआउट, त्याच्या आदल्या पावसात शंख. 1972 ला एकही पान नाही, दुष्काळात कुणाच्या हातात पैसा नव्हता आणि छत्री तर कुणी आणलीच नाही. कासवाच्या वर्षी मांडुकलीचं पाणी आठवडाभर उतरलं नव्हतं. नरसिंह दोनदा झाला. पहिला धाकट्या आत्तीच्या लग्नात कमी पडलं म्हणून आटवला, दुसरा तीन वर्षांनी. भुंगा 1983 चा. त्या जूनमध्ये कपिलदेवच्या संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा सगळी गल्ली आमच्या ओसरीवर होती, कारण चालू रेडिओ एवढाच, आणि तोही कोनाड्यातून दुरुस्त होऊन आलेला. काही वर्षांत दोन-दोन पानं झाली, कारण गावात लायटीचे पंप आले आणि ते सारखे बिघडायचे.

भाव मात्र चढत होता. पहिल्या पानाच्या वेळी तोळा दोनशे रुपयांच्या आत, शेवटच्या पानाच्या वेळी तीन हजारांच्या वर. म्हणून आज साज हातात घेतला तर पहिली पानं जाड लागतात आणि पुढची पातळ होत जातात. बघणाऱ्याला दिसत नाही. हाताला कळतं.

शेवटचं डोरल्याचं पान 1990 च्या पावसाळ्यात झालं. त्याच वर्षी सुवर्ण नियंत्रण कायदाही रद्द झाला. तात्या साठ वर्षांचे होते. पटवेकऱ्याकडं द्यायला कोल्हापूरला जायचं होतं, तर रस्ता बंद. आज्जीनं पांढऱ्या दोऱ्यातच सगळी पानं ओवली, गळ्यात घातली आणि चुलीपुढं जाऊन बसली. भाकरी थापायला लागली.

"कसा हाय?" तात्यांनी ओसरीवरून विचारलं.

"छत्र्याच छत्र्या दिसत्यात," आज्जी म्हणाली. पण तिनं तो तीन दिवस काढला नाही.

*

आमच्या बायकांनी सोनं कसं वापरलं हेही लिहायला हवं. ते कपाटात नसायचं. पाटल्या पेरणीला जायच्या आणि सुगीला परत यायच्या. बोरमाळ पोराच्या शाळेला जायची. थोरल्या चुलतीच्या गोटांच्या आधी बांगड्या झाल्या, बांगड्यांच्या कुड्या आणि दोन अंगठ्या, आणि त्यांतल्या एका अंगठीतून नातवाच्या बिंदल्यांतले मणी. कुणी मेलं की त्याचं सोनं आटवून पुढच्याच्या अंगावर यायचं, आणि बागेसरीपुढं बसलेल्या बाईचे डोळे भरायचे. तात्या त्या वेळी फुंकणी सावकाश फुंकायचे. मूस लाल होईपर्यंत तिला बोलू द्यायचे. मग विचारायचे, "वतू?" ती हो म्हणाली की ओतायचे. आम्ही हे कितीदा बघितलं. एकदाही त्यांनी तिच्या होकाराआधी ओतलं नाही.

*

2004 च्या श्रावणात तात्या गेले. त्यानंतर चार वर्षांनी आज्जी. कोनाड्यात तेव्हाही सात-आठ वस्तू होत्या. त्या कुणी उचलल्या नाहीत.

आता गुजरीत यंत्रं आली, ओतीव काम आलं, बंगालचे कारागीर आले, आणि त्यांचा हात खरोखर सुरेख आहे. दागिन्यावर हॉलमार्क असतो, सहा अक्षरा-आकड्यांचा एक नंबर असतो. भिंगातून शेजारचा कसाचा आकडा वाचला की सोन्याचा कस कळतो, आणि नंबरावरून दागिन्याची नोंद तपासता येते. चांगली सोय आहे, गरीब माणूस फसत नाही. साज मात्र आता हलक्या वजनात, एक ग्रॅमच्या मुलाम्यातही मिळतो, आणि लग्नाच्या दिवशी कुणाच्याही गळ्यात शोभतो.

आमचा साज आमच्याकडंच आहे. ज्या घरात लग्न त्या घरी जातो, आणि परत येतो. परवा फेब्रुवारीत पुतणीच्या लग्नात, कोल्हापूरला, कार्यालयात, अक्षता पडायच्या आधी तो तुटला. पटवेकऱ्याचं जुनं रेशीम जीर्ण झालेलं. जवमणी टपटप फरशीवर, खुर्च्यांखाली, चपलांत. वाजंत्री थांबली. आम्ही सगळे, पन्नाशीतले, साठीतले, जरीचे काठ सावरत गुडघ्यांवर. मणी हातानं चाचपडत होतो आणि पानं नावानं बोलावत होतो. शंख? सापडला. कासव? हाय इथं. भुंगा? माझ्याकडं. नरसिंह, तो दुसरा? हा बघ. माणकाचं, पाचूचं. प्रत्येकजण पान हातात घेऊन आधी त्याची जाडी बघत होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळे तेच करत होते.

वीस भरली. एकविसावं नाही. डोरल्याचं. ताटाखाली बघितलं, गालिचा उचलला, नवरीच्या शालूच्या निऱ्या झटकल्या.

धाकटी आत्ती खुर्चीत बसून होती. तिचे गुडघे वाकत नाहीत आता. तिनं मूठ उघडली. पान तिच्याकडंच होतं. तुटल्या क्षणी तिनं ते पकडलं होतं आणि तेव्हापासून डोळे मिटून, अंगठ्यानं, पाठीवरचं लाखेचं भोक चाचपत बसली होती.

"आता काय करायचं गं?" नवरीनं विचारलं. ती रडायच्या बेतात.

आत्तीनं चष्मा वर सरकवला. "दोरा आणा कुणीतरी," ती म्हणाली. "आणि इथं दे ते सगळं. मी बघते."